गालावर बसवलेले डोळे

१८ मार्च, मंगळवार
सकाळी मारुतीच्या पूजेला गेलो तर शेंदराची खोळ खाली पडलेली. चार बोटं जाड. माझ्याआधी आबा पूजा करायचे, त्यांच्याही आधीचे थर असतील. गाभाऱ्यात लाल ढेकळं, जुन्या तेलाचा वास. चांदीचे डोळे शेंदरासकट खाली.
आत काळा दगड, कोरलेला. आजवर कोणी पाहिला नसेल. मारुतीचं तोंड आपल्याकडे नाहीच. बाजूला आहे.
हात जोडले, पण कुठं बघून जोडावेत ते कळेना.

१९ मार्च
गावभर झालं. मंदिर समितीचे नामदेवकाका उंबऱ्यावरूनच म्हणाले, "देवानं तोंड फिरवलं आपल्यावरून. शनवारी शेंदूर लावून टाक. लोकायले दिसू नको देऊ." मग हळूच, "पूजेत काही चुकलं का रे तुयं?"
नाही म्हणालो.
खोळीचे तुकडे मूर्तीला लावून पाहिले. एक डोळा गालावर बसवलेला होता, दुसरा कानामागं. सुमनचं ऑपरेशन ठरलं तेव्हा यवतमाळला निघायच्या आधी मी याच डोळ्यांत बघून सगळं बोललो होतो. घरात कोणाला बोललो नाही तेसुद्धा. ती बरी झाली. पण मी बोललो कोणाशी?
सुमनला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "कानापाशीच बोल्ले ना तुमी? मंग तं बराबर आयकू गेलं असन."
हसलो. जेवण मात्र गेलं नाही.

२० मार्च
राठोड मॅडम दिग्रसहून शाळा सुटल्यावर तांड्यावर परत जाताना थांबल्या. हायस्कुलात चित्रकला शिकवतात. मूर्ती बघायची म्हणाल्या. मी बॅटरी लावली.
"समोरून नका धरू काका, सपाट दिसते. बाजूनं धरा. अजून. भिंतीला टेकवा."
टेकवली आणि दगड उठून आला. मांडी, दंड, बोटं. जिथं काही नव्हतं तिथं सावली.
"चेहऱ्याकडं शेवटी जा. पायापासून वर चढा. आपण सगळे आधी चेहऱ्यालाच चिकटतो, मग बाकीचं राहून जाते."
देवाला असं बॅटरी लावून बघणं बरं वाटेना. तसं बोललो.
"रोज तेल लावता न त्याले? लावताना बघत नाही?"
खरं म्हणजे नाही. डोळे सोडून कधी काही बघितलंच नाही. सगळं अंग म्हणजे एक लाल गोळा.

२१ मार्च, शुक्रवार
कपाशीची पऱ्हाटी उपटायला माणसं लावून दिली आणि दुपारी पुन्हा मंदिरात. एकटाच.
पाय. दोन्ही एकाच दिशेला. मागची टाच उचललेली. पुढच्या पायाखाली कोणीतरी दबलेलं, त्याचा हात बाहेर आलेला. गुडघ्यापाशी दगड खोल, मांडीला फुगीर. उजवा हात उगारलेला. शेपूट पाठीमागून वर चढून डोक्यावर कमान करते. कोणी कोरलं असेल? मांडीतला जोर छिन्नीनं कसा आणला असेल?
चेहऱ्यापर्यंत आलो तेव्हा वेगळं काही शोधावं लागलं नाही. तो चालला आहे. ज्याचे पाय तिकडं त्याचं तोंड तिकडं. मी शेतात निघालो की दारातल्या माणसांकडं बघत चालत नाही. म्हणून काय घरावर रुसलो?
बाहेर पायरीवर येऊन बसलो. मंगळवारपासून छातीवर काहीतरी होतं, ते उतरलं. डोळे भरून आले, पुसले नाहीत. कोणी नव्हतं.
स्तोत्र म्हणायचं राहिलं. बघण्यातच वेळ गेला. चुकलं असं वाटलं नाही, याचंच नवल.

२२ मार्च, शनिवार
नामदेवकाका तेल-शेंदूर घेऊन हजर. म्हटलं, आधी एकदा बघा. "मी काय बघू? फिरवलेलं तोंड?" बॅटरी बाजूनं धरली, पायावर. वर नेत गेलो. ते वाकून बघू लागले. मग शेंदराचा डबा खाली ठेवला.
"हात असा हाय का त्याचा?"
"थोडा वर घ्या."
"अन् पाय?"
"डावा पुढं. रोवून."
धोतर सावरत तसे उभे राहिले. उगारलेला हात, ताणलेली मान. मग तोंड माझ्याकडं वळवायला गेले आणि तोल गेला. चौकट धरली.
"असं उभं राह्यलं का इकडं पाहता येत नाही बे."
"नाही येत."
चौकट सोडत म्हणाले, "मंग फिरवलं नाही त्यानं."
"नाही काका. निघाला हाय तो."
"कुठी?"
मग तेच म्हणाले, "कामानंच निघाला असन." आणि डबा उचलला. "आज राहू दे. उद्या सगळ्यायले इचारू." पूजेत चुकलं का, ते पुन्हा काढलं नाही.

२३ मार्च, रविवार
दुपारी बैठक. शेंदराबिना देव उघडा दिसतो, असं बरेच म्हणाले. काही म्हणाले राहू द्या. काकांनी एवढंच विचारलं, "लावायचाच असन तं डोया कुठी लावसान? एकच दिसते त्याचा." सगळे जयंतीआधी ठरवू म्हणून उठले.
सुमन विचारते, तुमचं काय? शेंदूर लागला तरी पाय कुठं आहेत ते मला आता माहीत आहे. आणि लागू नये असंही वाटतं. दोन्ही खरं. बैठकीत यातलं काहीच बोललो नाही. पुढच्या वेळी बोलेन का...
सकाळी तेल लावताना टाचेपासून सुरुवात केली. वर पोचायला बराच वेळ लागला. दारात दर्शनाला माणसं थांबली होती, पण कोणी घाई केली नाही. तीही बघत होती.