युगांडावाला आपल्या गावात अजून गादीवर आहे

वैशाख, सन १९७९

आदरणीय भुजंग गुरुजींना किशनरावाचा जयभीम आणि रामराम, दोन्ही. (आवडेल तो ठेवून घ्या, उरलेला चारठाण्यात कुणालाही द्या.) तुमची तब्येत कशी आहे, नर्मदाबाईंची दाढ दुखायची थांबली का, लेकरं अभ्यास करतात की तुमच्यासारखीच पेपरात तोंड घालून बसतात, हे सगळं सविस्तर कळवावं. इकडे आम्ही उन्हासकट खुशाल आहोत. सुलाबाईचा गुडघा माझ्यापेक्षा जास्त बोलतो आणि तांबडा बैल माझं तिच्याइतकंच ऐकतो. म्हणजे घरात सगळं पूर्वीसारखंच आहे.

पूर्वीसारखा नाही तो फक्त पार. मृगाच्या आत पारावर पेपर वाचून दाखवणारा मिळाला नाही तर पेपर बंद करायचा, असं परवा ठरलं. ठरलं म्हणजे सगळे खाली मान घालून तंबाखू मळत बसले. आपल्या गावात अशाच पद्धतीने वाईट गोष्टी ठरतात, हे तुम्हाला मी काय सांगावं? मला त्या रात्री भाकर गोड लागली नाही. कारण गुरुजी, खरं सांगतो, माझ्या उभ्या जिंदगीत त्या दिवेलागणीच्या बैठकीसारखं सुख मी दुसरं पाहिलं नाही.

आठवतं का, तुम्ही पहिल्यांदा वाचायला आलात तो दिवस? पिंगळीच्या स्टेशनावर उतरलेला पेपर दुसऱ्या दिवशी सांजेला गावात पोचायचा, आणि शिळा असला तरी आम्हाला ताजाच वाटायचा. तुम्ही बौद्धवाड्यातले, म्हणून रिवाजाप्रमाणे पाराच्या खाली उभे राहून वाचू लागलात. पण गॅसबत्ती टांगलेली वर, पिंपळाच्या फांदीला. खाली उजेड पोचेना, तुम्हाला अक्षर दिसेना, आणि नेमकं त्याच दिवशी युगांडावाल्याने तिथल्या हिंदी लोकांना देशातून हाकललं होतं. मंडळींचा जीव टांगणीला. शेवटी सरपंच आबासाहेबच करवादले की वर येऊन बसा बाबा, पण पुढचं वाचा. तुम्ही वर बसलात, आम्ही सगळे खाली, आणि ती जागा तुमची झाली. शंभर भाषणांनी जे झालं नाही ते त्या दूरदेशीच्या हुकूमशहाने एका संध्याकाळी करून दाखवलं. (त्याच्या नावावर एवढं एकच पुण्य असावं.)

आणि काय तो पेपर हो! तुम्ही वाचायला यायच्या आधी त्यात युगांडावाल्याचा हसरा फोटो यायचा. धिप्पाड गडी, बॉक्सिंग खेळलेला, गणवेशातला. भगवानराव म्हणाले होते की असा एखादा आपल्या तालुक्याला पाहिजे. मग हिंदी लोकांना हाकललं, आणि तोच पेपर त्याला नराधम म्हणू लागला. फोटो मात्र तोच, हसराच. आपण दुष्काळात खडी फोडून यायचो आणि हातपाय न धुता त्या लोकांसाठी हळहळायचो. सुलाबाईने विचारलं होतं की त्यांच्या म्हशींचं काय झालं असेल. पेपरात ते नव्हतं. पेपरात म्हशीचं कधीच नसतं. पुढे पुढे तो पेपराच्या लेखी विदूषक झाला. आज नवं पदक, उद्या नवी पदवी. आम्ही पोट धरून हसायचो, आणि मग तुम्ही आवाज खाली आणून शेवटच्या दोन ओळी वाचायचात, नदीत सापडलेल्या प्रेतांच्या. त्यावर कुणी हसायचं नाही. अशा माणसाची नुसती चेष्टा करून भागत नाही, हे पेपराला कळलं नव्हतं, ते तुमच्या आवाजाला कळलं होतं.

मग आणीबाणी आली. पेपराचं पहिलं पान एकाएकी गोड झालं. गाड्या वेळेवर, कारकून वेळेवर, सगळीकडे शिस्त. (आपली पॅसेंजर तेवढी जुन्या वळणाची राहिली.) इथलं काही छापता येईना म्हणून की काय, संपादकाने सगळा राग युगांडावर काढायला घेतला. सत्ता एका हाती गेली की काय होतं, खरं बोलणाऱ्याला कोण उचलून नेतं, यावर काय एकेक अग्रलेख! वाचताना तुमचे कान लाल व्हायचे. आणि त्या दिवशी कडूबाई, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन पाराजवळ थांबलेली, सरळ म्हणाली, "गुर्जी, एवढं लांबचं छापायलेत, मग जवळचं का न्हाई छापत?"

तुम्ही घाईघाईने पुढची बातमी घेतली आणि तिथंच घात झाला, कारण पुढच्या बातमीत युगांडावाल्याच्या सगळ्या पदव्या ओळीने छापल्या होत्या. तुम्ही एकेक वाचू लागलात. भगवानरावांना काय अवदसा आठवली कोण जाणे, ते एकेक बोट दुमडत आबासाहेबांच्या पदव्या मोजू लागले. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, शाळा कमिटीचे अध्यक्ष, मंदिराचे पंच, भजनी मंडळाचे आश्रयदाते. एका हाताची बोटं संपली. आम्ही सगळे तोंडाला पटके लावून हसलो, पण पटका नव्हता तो तुमच्याकडे. तुमचं हसू बत्तीच्या पूर्ण उजेडात आबासाहेबांना दिसलं. जूनमध्ये तुमची बदली चारठाण्याला झाली. ती कुणी केली हे कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

तेव्हापासून आमचे हाल विचारू नका. ग्रामसेवक वाचतो तो जप्तीची नोटीस वाचल्यासारखा. आबासाहेबांच्या पुतण्याला सिनेमाच्या जाहिरातीपलीकडे देशात काही घडतं हे ठाऊक नाही. मग आबासाहेबांनी ट्रान्झिस्टर आणला. पण रेडिओला माणूसपण नाही गुरुजी. थांब म्हटलं तर थांबत नाही, पुन्हा सांग म्हटलं तर सांगत नाही, आणि कडूबाईने प्रश्न विचारला तर कान लाल करत नाही. मधल्या काळात आणीबाणी गेली, आबासाहेब निवडणुकीत पडले, सोसायटी गेली, कमिटी गेली. भजनी मंडळ तेवढं राहिलं, कारण पेटी त्यांच्या घरची आहे. आता ते दिवेलागणीला सगळ्यांच्या आधी पारावर येतात आणि बत्ती स्वतः पेटवतात.

बाकी सर्व ठीक. पाऊसपाणी चांगलं होवो. थोरांना नमस्कार, लेकरांना पापा, आणि तुमच्या हेडमास्तरांना यातलं काहीही नाही.

आपला,
किशनराव

ता. क. एसटीच्या ड्रायव्हरकडे तुरीची डाळ पाठवली आहे. निम्मी आमची आहे. निम्मी कुणाची ते विचारू नका, त्यांनीच सांगू नको म्हटलं आहे.

ता. क. २. आपल्या शाळेत एक जागा रिकामी आहे. बदलीचा अर्ज तुम्हालाच करावा लागेल. एका शब्दावर माणूस घालवता यायचा तेव्हा आबासाहेबांकडे शब्द होता, आता परत आणायला त्यांच्याकडे काही नाही. दोनदा परभणीला जाऊन शिक्षणखात्याच्या साहेबांच्या दाराशी बाकड्यावर बसून आले. मला म्हणाले, "किशन, पत्र लिव्ह. पन माझं नाव घालू नको." म्हणून पत्रात त्यांचं नाव कुठंही घातलेलं नाही.

ता. क. ३. मुख्य गोष्ट राहिलीच. गेल्या महिन्यात युगांडावाला पळाला. तुम्ही चारठाण्यात वाचलंच असेल. आपल्या गावाला मात्र ते अजून कळलेलं नाही. ग्रामसेवकाने पेपर उघडून पहिलं अक्षर काढताच आबासाहेबांनी तो हिसकावला, घडी घातली आणि त्यावर बसले. त्याच दिवशी ट्रान्झिस्टरचे सेल काढून ठेवले. परभणीहून येणाऱ्या माणसाला वेशीवरच दटावतात की पारावर युगांडाचं नाव काढायचं नाही. आपल्या गावात पुन्हा सेन्सॉर आहे गुरुजी, आणि या वेळी सारं गाव तो आनंदाने पाळतं, अगदी कडूबाईसुद्धा. सगळ्यांना सगळं ठाऊक आहे आणि कुणालाच काही ठाऊक नाही. मी आबासाहेबांना म्हटलं, अहो पेपर पिवळा पडेल, हा हट्ट कशाला? तर पिंपळाकडे बघत म्हणाले, "ते गुर्जीच वाचतील. वर बसून. मी खाली बसून आयकीन."

तेव्हा बदली होईल तेव्हा होवो, एका संध्याकाळपुरते तरी या. साऱ्या जगात तो पडला, आपल्या पारावर तेवढा अजून गादीवर आहे. तुम्ही वाचल्याशिवाय तो उतरायचा नाही.