निळ्या झेंड्याला अभय

प्रिय निळ्या राणीसाहेब,

अक्षर बघूनच ओळखलं असशील. बोटांना शाई आहे, तिचे डाग कागदभर पडतील, त्यांना अश्रू समजू नकोस. मी दादाच्या दुकानात प्रिंटरची कार्ट्रिज भरतो. सुईने शाई आत सोडायची, भोकावर पट्टी लावायची, एक पान छापून बघायचं की झालं. शेवटचं वर्ष अर्धवट टाकून आलेल्याला यापेक्षा वरचं काम कोण देणार, असं दादा म्हणत नाही. वहिनी म्हणते, आणि तेही ताट पुढ्यात ठेवून, म्हणजे मला रागाने उठून जाता येऊ नये. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर राज्याचा खेळ खेळत बसतो. मग दारातून रोजचं ठरलेलं: "भावजी, राज्य सांभाळून झालं असेल तर दोन घास खाऊन घ्या, प्रजा उपाशी आहे."

परवा बोक्या येऊन गेला. आपल्या वर्गात होता तसाच आहे अजून, कुणाच्याही घरातली बातमी तोंडात धरून दुसऱ्याच्या दारात आणून टाकतो. तुझ्या कंपनीत काय चाललंय ते त्यानेच सांगितलं. तुमच्या नव्या खेळातल्या सरदाराची खोड कुणीतरी खेळाडूंच्या चर्चेत फोडली. आता शाळकरी पोरंसुद्धा त्याला तीस चालींत लोळवतात आणि त्याचे व्हिडिओ टाकून हसतात. ती खोड ठाऊक असलेली माणसं कंपनीत दोनच, तू आणि आपल्या वर्गातला चष्मा. तू फोडली नाहीस हे तुला माहीत. मग उरला चष्मा, ज्याच्याशी पुढच्या महिन्यात तुझं लग्न आहे. त्याला ठेवायचं की काढायचं ते सोमवारी ठरणार, आणि साहेब तुझ्या शब्दावर जाणार आहेत. तू त्याच्याशी बोलणं टाकलंयस, असंही कळलं. मी बोक्याला दुसरा चहा पाजला.

कॉलेजच्या लॅबमधली खिडकीकडची दोन मशिनं आठवतात? तुझ्या की-बोर्डचं एक बटण निघालेलं होतं, तू तिथे पेन्सिलीच्या टोकाने दाबायचीस. आपण दोघं, आणि समोर सहा कॉम्प्युटर-राजे. सगळ्यात अवघड पातळीवर त्यांना सुरुवातीलाच एकेक गाव जास्त मिळतं. तू पहिल्यांदा खेळलीस तेव्हा पाचव्या चालीलाच जादूगाराचा मनोरा उभा केलास. मनोरा काय देखणा, आणि गावात खायला दाणा नाही. मी म्हटलं, "बाई, आधी माणसांना जेवू तर घाल." मग शिकवलं तुला. आधी नदीकाठ धरायचा. मग कोठार. गाव जरा भरलं की त्यातली दोन घरं उठवून पुढच्या खोऱ्यात पाठवायची, तिथे नवं गाव. सैन्य नाही, तट नाही, ड्रॅगनचा तर विचारही नाही. कॉम्प्युटर-राजे नेमके इथेच फसतात. ते दहाव्या चालीपासून तट बांधत बसतात आणि मधली मोकळी खोरी आपली होतात. तिसाव्या चालीला त्यांची तीन गावं, आपली नऊ. चष्मा आपल्या खुर्च्यांमागे उभा राहून विचारायचा, "पण कुणी चाल करून आलं तर?" तो स्वतः बसला की गाव दोन घरांचं आणि तट चारही बाजूंनी.

माझं कुठे बिघडायचं तेही तुला ठाऊक होतं. पंचविसाव्या चालीच्या आसपास एखादा शेजारी पुढे गेला की माझं डोकं फिरायचं. अर्धं बांधलेलं शहर तसंच टाकून मी त्याच्यावर धावून जायचो आणि दोन्हीकडून मरायचो. तुझ्यावर मात्र कधी आलो नाही. हद्दीवर तुझा निळा झेंडा दिसला की मी सैन्य वळवायचो, वर पुढच्या चालीला धान्य पाठवायचो. तू हसायचीस, "भीक नको तुझी," म्हणायचीस, आणि ठेवून घ्यायचीस.

मग प्रोजेक्टच्या जोड्या लागल्या आणि सरांनी तुझ्या नावापुढे चष्म्याचं नाव लिहिलं. मी सरांच्या टेबलावरची यादी फाडली. त्यावर तू सगळ्या वर्गादेखत बोललीस, "जा ना मग. अर्धवट टाकण्याशिवाय तुला दुसरं येतंय काय?" गेलो. खालच्या स्टॉपवर उभा राहिलो आणि चार बस सोडल्या. पाचव्या बसमध्ये चढलो तेव्हाही मागच्या काचेतून कॉलेजच्या फाटकाकडेच बघत होतो. तू काही आली नाहीस. यादी काय, सरांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा छापली असेल.

तुमचा खेळ बाजारात आला त्याच दिवशी मी घेतला. त्यातला 'तापट सरदार' निवडला आणि त्याच्यासमोर बसलो. बाराव्या चालीला मी माउस सोडून खुर्ची पुढे ओढली. तो नदीच्या डाव्या काठाने जंगल तोडत येत होता, दोन घरं उठवून खोऱ्यात पाठवत होता. पंचविसाव्याला तो अर्धं शहर टाकून निघाला. लॅबच्या मशिनवर साठवलेले माझे एकशेबारा खेळ पाजूनच तुम्ही त्याला खेळायला शिकवलंत ना? मला विचारलंस? त्याच्या चित्राखाली एक ओळ आहे, 'वाढतो झपाट्याने, टिकत नाही.' ती ओळ तुझी. चष्म्याला विनोद जमत नाही. वहिनीने माझ्या खांद्यावरून ती वाचली आणि म्हणाली, "अगंबाई, तुमचा फोटो कुणी दिला यांना?"

दुसऱ्या दिवशी मी निळा झेंडा घेऊन खेळलो. एकही शिपाई ठेवला नाही. तो हद्दीपर्यंत आला, थांबला, वळला. पुढच्या चालीला माझ्या कोठारात त्याचं धान्य येऊन पडलं. त्या दिवशी दुकान उघडायचं राहिलं, दादा ओरडला. बोक्या सांगत होता, चष्मा तुला म्हणाला होता, ही खोड काढून टाकू, कुणीही फायदा घेईल. तू म्हणालीस, "राहू दे." आठवण म्हणून राहू दिलीस की गंमत म्हणून, हे बोक्याला माहीत नव्हतं. मीही विचारत नाही. तू जे सांगशील त्यावर माझा विश्वास बसेल, आणि तेच मला नको आहे.

आता ऐक. खोड मी फोडली. चर्चेतल्या त्या चार ओळी माझ्या आहेत: तट बांधू नका, शिपाई ठेवू नका, निळा झेंडा घ्या, तो तुम्हाला पोसेल. तेव्हा चष्म्यावर बालंट येईल हे डोक्यात नव्हतं, आलं तेव्हा वाईटही वाटलं नाही. पण तू त्या ओळी वाचल्यास आणि तुला चष्मा आठवला, हे मात्र सहन झालं नाही. ज्या माणसाने जन्मात तटाशिवाय गाव वसवलं नाही, तो लिहील 'तट बांधू नका'? एकशेबारा खेळ उकरून माझं बाहुलं केलंस आणि चार ओळींत मला ओळखलं नाहीस. एवढंच सांगायला कागद घेतला. आज शुक्रवार आहे. तुझा नंबर पाठ आहे, फोन केला असता तर दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं. पण कोपऱ्यावरची पेटी उद्या उघडते आणि पत्र तुझ्या गावी पोचायला चार दिवस लागतात, हे मी पोस्टात जाऊन विचारून आलो. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा सोमवार होऊन गेलेला आहे आणि साहेबांपुढे जे बोलायचं ते तू बोलून बसली आहेस. चष्म्याचा काही दोष नव्हता, हे त्याला आता कोणत्या तोंडाने सांगायचं, ते तू बघ.

तुझाच, दुसरं कुणी घ्यायला आलं नाही म्हणून,
तापट सरदार