आयेच्या टोमॅटोचं बी

चिरंजीव भाऊ काळुराम यास, शहाडहून थोरल्या बायचे आशीर्वाद.

मी तुझी बहीण आवडा. ओळख आधीच सांगून ठेवते, कारण गेल्या भाऊबीजेला तू दुसऱ्या दिवशी आलास आणि वर मलाच विचारलंस की ताट अजून का नाही मांडलं. फोनवर तू "हो बाय, हो बाय" म्हणतोस आणि फोन खाली ठेवेपर्यंत सगळं विसरतोस, म्हणून सुनेला समोर बसवून हे लिहून घेतेय. वाचून झालं की चष्म्याच्या डबीत ठेव. (डबी कुठे आहे ते मालनला विचार.) तुझा गुडघा कसा आहे? मालनची साखर उतरली का? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मी खुशाल नाही. आठ दिवस घास गोड लागत नाही.

आपल्या आयेचा टोमॅटो तुला आठवतो का? चपटा, तळहाताएवढा, खांद्याला घड्या पडलेला. विळीवर चिरला तर काप मोडत नसे. एक काप तांदळाच्या भाकरीवर ठेवला की भाकरी झाकली जायची, वर बाबा मिठागरातून आणायचे ते जाडं मीठ. शेवटचा काप घेऊन तू पेंढ्याच्या उडवीमागे पळायचास, ते तरी विसरला नसशील. आताच्या बाजारातला टोमॅटो भिंतीवर मारला तर भिंतीला पोचा येईल, आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. आयेचं बी मी पन्नास वर्षं राखलं. एक फळ झाडावरच मऊ होऊ द्यायचं, गर वाटीत दोन दिवस आंबवायचा, बी धुऊन राखेत चोळायचं, पुडी बांधायची. शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या तरी मागच्या परसात चार झाडं लागायचीच. मागच्या साली ती मर रोग लागून सुकून गेली आणि डब्यात जुनी एकच पुडी उरली, चिमूटभर बी. मला अक्षर येत नाही (शाळेत तुला घातलं, मला गुरांमागे लावलं, त्याबद्दल वेगळं भांडेन), म्हणून पुड्यांवर मी कुंकवाची बोटं लावते. एक बोट आयेचा टोमॅटो. दोन बोटं म्हणजे रुपालीने नर्सरीतून आणलेला तो बोराएवढा, हॉटेलात काडीला टोचून देतात तसला.

आता दसऱ्याला काय झालं ऐक. रुपालीने अवजारांची पूजा केली. (रुपाली म्हणजे माझी सून, हे लिहितेय तीच. लिही गं, थांबू नकोस.) कोयता झाला, विळी झाली, मग मिक्सर, पाण्याचा पंप, आमच्या लेकाची, प्रितमची स्कूटर, प्रितमचा लॅपटॉप. वाटीत हळदकुंकू उरलं होतं म्हणून तिने बियांचा डबा काढला, आणि डब्याला न लावता आतल्या पुड्यांना पाचही बोटांनी भक्तिभावाने लावलं. मी बघितलं तेव्हा दोन्ही पुड्या मळवट भरून बसलेल्या. पूजेबद्दल कोणाला बोलणार? वर ती म्हणाली, "आई, तुम्हीच म्हणता ना, बी म्हणजे लक्ष्मी."

दोन पुड्या दोन जागी पेरल्या असत्या तर निस्तरलं असतं. पण मी सुनेपुढे बोलून बसले होते की आयेचं रोप मी डोळे मिटून वासावर ओळखीन. मासळीच्या रिकाम्या थर्माकोलच्या पेटीत दोन्ही एकत्र ओतल्या. सहाच रोपं आली. रोज सकाळी उकिडवी बसून पानं चुरडून हुंगायची, आणि सहाही रोपांना टोमॅटोचाच वास. उठवायला प्रितम लागायचा. भाऊबीजेपर्यंत ती वीतभर झाली, तेव्हा मोठी जाणकार असल्यासारखी मी निवड केली. जाड देठाची चार माझ्या कुंड्यांत, दोन तुला.

त्या चौघांचे काय लाड केले म्हणून सांगू. ताकाचं पाणी फवारलं, मासळी धुतलेलं पाणी घातलं, काठ्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलं, फुलांना रोज टिचक्या मारल्या म्हणजे फळ धरेल. फळं धरली. बोराएवढी झाली. शेजारच्या निशाला मी सांगितलं, ही तर सुरुवात आहे. संक्रांत गेली, ती वाढेनात. मग एका सकाळी चारही झाडांवर ती तेवढीच राहून लाल झाली. प्रितमने मूठभर शेंगदाण्यांसारखी तोंडात टाकली आणि म्हणाला, "आई, एकदम गोड. पार्टीला होतील." तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही.

काळू, आयेचं दुसरं काही माझ्याजवळ नाही रे. दागिने मोडले, शेत गेलं, फोटो तिने कधी काढू दिला नाही. ती एक चव होती, तीही माझ्या शहाणपणाने घालवली की काय, ही धास्ती पोटात घेऊन बसलेय.

मालनला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी थोरली बाय,
आवडा
(खालचा अंगठा माझाच.)

ता. क. तुझी दोन रोपं बाल्कनीत आहेत. आहेत ना? परवा मालन फोनवर रुपालीला म्हणाली, फळं कुरूप धरलीत, चपटी, घड्या पडलेली, काढून टाकू का. मी स्वयंपाकघरातून ओरडले, तोडू नको म्हणून सांग. का ते सांगायची लाज वाटली, म्हणून हा कागद.

ता. क. दुसरं. भाऊबीजेला तुझ्या डोक्यावर हात ठेवून मी म्हणाले होते, "आयेचं बी आहे, जप." ते खोटं होतं. बारीक देठाची, बिनकामाची समजून ती दोन मी तुझ्या पिशवीत कोंबली होती. आता माझं खोटं खरं निघावं म्हणून टिटवाळ्याच्या गणपतीला एकवीस मोदक बोललेय. (रुपाली हसतेय. हसू दे.) तर एक फळ झाडावरच राहू दे, बोट लावलं की खड्डा पडेल इतकं मऊ होईस्तोवर. फ्रीजमध्ये नको, धुवायचं नाही, आणि मालनला त्याचं सार करू देऊ नकोस. पिकलेलं पाठव, फुटलेलं पाठव, सडून पाणी झालं असेल तर बरणीत ओतून पाठव. चांगलं, टणक, दिसायला देखणं असं मात्र एकही पाठवू नकोस.