आक्काच्या लुगड्याचा काठ

२ डिसेंबर २००६

बाबांनी आज नव्या ब्रँडचं नाव जाहीर केलं — ‘रोमेटो’! म्हटलं, चपला विकायच्यात का भाजी? बाबांचे भागीदार रामनाथकाका फिस्सकन हसले, मग बाबांचं तोंड बघून गप्प. “इटलीचं वाटतं,” म्हणे. बनणार भिवंडीत, नारपोलीच्या शेडमध्ये, आणि वाटायचं इटलीचं!

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या छापाच्या चपला करून दिल्या. आता कुठे स्वतःचं नाव लावायचं, तर तेही तोंड लपवून? डोकं फिरलंय माझं. अकरा तारखेला चपलेचा साचा नाव कोरायला जाणार. तोवर बाबांना वळवायचंच.

५ डिसेंबर

माझा नमुना तयार! जुन्या वहाणेसारखा रुंद पट्टा, आणि त्यावर आक्काच्या लुगड्याचा लाल रुईफुलांचा काठ. निजामपुऱ्याच्या अन्सारीचाचांनी लूमवर हुबेहूब उतरवला. “बेटी, चीज़ पुरानी है, मगर चलेगी,” म्हणाले. नाव — ‘भिवंडीकर’.

बाबांनी जोड उलटापालटा केला. “भिवंडी छापलं का गिऱ्हाईक बोलंल, डुप्लिकेट हाय.” मग आवाज खाली आणून, “आन् आक्काचा काठ पायात घालू? हिनं मना वाढवलंय!”

आक्का बाबांची थोरली बहीण. आईविना पोराला तिनंच मोठं केलं; अजून त्यांना नावानं ‘केसरी’च म्हणते. खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आक्का तिथेच भाकऱ्या थापत होती.

७ डिसेंबर

बाबांशी अबोला. ‘रोमेटो’चा बोर्ड रंगवायला गेलासुद्धा.

९ डिसेंबर, शनिवार

काय दिवस! सकाळी बाबा मारुतीच्या देवळात चक्क माझा जोड घालून निघाले. प्रेमानं नाही हं! “देवळात नावडती चप्पल न्यावी. गेली तर गेली.” रामनाथकाका रोमेटोच्या नव्याकोऱ्या नमुन्यात. आक्का मागून, नारळाची पिशवी घेऊन.

दर्शन करून बघतात, तर रोमेटो जागच्या जागी आणि माझा जोड गायब! बाबा अनवाणी घरी आले — हसत! काका म्हणाले, “शनिवारची गेली, पीडा गेली.” “पीडा कसली रं?” बाबा म्हणाले, “इटलीला सोडून चोरानं भिवंडी उचलली! चोराला पारख असते.” मग माझ्याकडे वळून, “सोमवारी तुझंच नाव कोरू.”

मी नाचलेच. आक्कानं नुसता चहा ठेवला.

१० डिसेंबर

दुपारी चादर बदलायला आक्काच्या खोलीत गेले. आक्का पलंगावर बसलेली, पायात तोच जोड! बाबांच्या मापाच्या चपलेत तिची एवढीशी पावलं. उशाशी कालची नारळाची पिशवी.

मी जोडाकडे बोट दाखवलं.

“काठ माजा हाय,” ती म्हणाली. “पायात घालायचा का न्हाय, मना कोनी इचारलं?”

मग म्हणाली, “दार लाव गो. केसरी येल.”