भरती-ओहोटीचा तक्ता

प्रिय बाईसाहेब,

बोट सुटून पावणेदोन तास झाले. गुंड्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला आहे. ठकी समोरच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून पडली आहे. झोपली आहे की नुसते डोळे मिटलेत, ते मला सांगता येत नाही. संध्याकाळी सहाला मुलांना तुझ्या दारात आणून सोडतो, ठरल्याप्रमाणे, आणि तेव्हाच हे पाकीट तुझ्या हातात देईन. बुधवारी आपण दोघं मध्यस्थ वकीलबाईंसमोर बसणार आणि मुलं कुणाकडे राहायची ते ठरणार. त्याआधी तुला हे माहीत असायला हवं. क्रमाने सांगतो. क्रम सोडून मला सांगता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

बेटावरचे पहिले दोन दिवस उत्तम गेले. खोली स्वच्छ होती, दोन पलंग, मच्छरदाणीला एकच भोक, ते मी पहिल्याच दुपारी शिवलं. पंखा प्रत्येक फेरीला एकदा कुरकुरायचा, त्याचाही बंदोबस्त केला. जेवणघरातला वजनकाटा किलोमागे अकरा ग्रॅम कमी दाखवत होता. मी मालकीणबाईंना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, साहेब, सुट्टीवर आलात ना? ठकी पटकन म्हणाली, बाबांना काटा दिसला की सुट्टी संपते. सगळे हसले, मीही हसलो. काटा दहा मिनिटांत सरळ केला, आणि मग दोन्ही दिवस मुलांना न मागता शहाळी मिळाली. गुंड्या आता पाण्यात डोकं बुडवून वीसपर्यंत मोजतो. चौदानंतर एकदम अठरा येतात, पण मोजतो. ठकी पाठीवर तरंगायला शिकली. हे सगळं मी वहीत तारीखवार लिहून ठेवलं होतं, बुधवारी दाखवायला. खोटं कशाला बोलू, मी एकटा मुलांना पाच दिवस सांभाळू शकतो हे सिद्ध करायलाच ही सहल काढली होती.

तुझ्या अर्जातलं ते एक वाक्य मला लागलं होतं. ‘मुलं वडिलांना काही सांगत नाहीत.’ एवढंच. त्यावर मी अकरा पानी उत्तर दिलं: लसींच्या तारखा, बुटांची मापं, ठकीच्या चष्म्याचा नंबर कधी किती वाढला. वकीलबाई म्हणाल्या होत्या, अहो, या वाक्याला हे उत्तर होत नाही. मी त्यांना म्हणालो, तुम्ही वाचा तर खरं.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. बेटासमोर एक छोटं बेट आहे, पंधरा-वीस झाडं आणि खडक. तिथले लोक त्याला पिल्लू म्हणतात. ओहोटीला मधे वाळूची पट्टी उघडी पडते आणि माणूस चालत जाऊ शकतो. हे मला निघायच्या आधीच माहीत होतं. बंदराचा भरती-ओहोटीचा छापील तक्ता मी मिळवला होता. तक्ता मोठ्या बंदराचा, बेट तिथून लांब, म्हणून वेळेत एक तास दहा मिनिटांची दुरुस्ती करायची असते. ती खालच्या बारीक टिपेत दिलेली असते. शंभरातले नव्व्याण्णव लोक टीप वाचत नाहीत. मी वाचली. वजनकाट्यांचं काम मला कुणी शिकवलं नाही, रद्दीतल्या एका पुस्तकावरून मी ते उचललं आणि आज सराफ माझ्याशिवाय दुसऱ्याला काट्याला हात लावू देत नाहीत. तेव्हा एक तक्ता वाचायला मी कुणाला विचारणार? स्वच्छ अक्षरात नवा तक्ता तयार केला आणि खोलीच्या दारावर चिकटवला.

सकाळी धक्क्यावर एक म्हातारा नाववाला जाळं सोडवत बसला होता. म्हणाला, पिल्लूवर जाणार असाल तर मला विचारून जा, साहेब. मी म्हणालो, माझ्याकडे तक्ता आहे. तो म्हणाला, असेल की. आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

बंदरावर ओहोटी दहा चाळीसला होती. मी तास-दहा मिनिटं मिळवली, अकरा पन्नास. ती वजा करायची होती. बेटावर पाणी आधी फिरतं. टिपेत उणे चिन्ह होतं, ते मी शब्दापुढची आडवी रेघ समजलो. म्हणजे खरी ओहोटी साडेनऊलाच होऊन गेली होती आणि आम्ही अकराला निघालो. घोट्याएवढं पाणी होतं. मी मुलांना म्हणालो, बघा, अजून उतरतंय.

पिल्लूवर पोचल्यावर गुंड्याला मी खिशातल्या भिंगातून खेकडा दाखवत होतो. ठकी एका खडकावर बसली होती. तिने तिच्या नव्या निळ्या चपला उचलून वरच्या दगडावर ठेवल्या. थोड्या वेळाने त्याच्याही वर. तिसऱ्यांदा उचलल्या तेव्हा मी वैतागलो. म्हणालो, ठके, काय चाळा लावलायस, एका जागी ठेव की. तिने ठेवल्या. पाय जवळ घेऊन बसून राहिली. पंधरा मिनिटांनी मी मान वर केली तेव्हा चपला नव्हत्या, आणि वाळूची पट्टीही नव्हती.

पुढचं थोडक्यात लिहितो, कारण मला ते थोडक्यातच आठवतं. थांबायला हवं होतं. झाडाखाली बसून आठ तास काढले असते तर फक्त ऊन लागलं असतं. पण दीडला जेवण होतं आणि तक्त्याप्रमाणे आम्ही एकपर्यंत परतायचं होतं. गुंड्याला खांद्यावर घेतलं, ठकीचा हात धरला आणि उतरलो. मधोमध पाणी तिच्या छातीपर्यंत आलं आणि ओढ लागली. तिचा हात माझ्या हातातून सुटला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, आणि मी वेळ सांगू शकत नाही असं सहसा होत नाही. ती ओरडली नाही. पाठीवर पडली आणि तरंगत बाजूला जायला लागली, डोळे माझ्याकडे. तिकडे जावं तर गुंड्या खांद्यावर. मी जागचा हललो नाही. नाववाला आधीच निघाला होता, धक्क्यावरून तो आमच्यावर नजर ठेवून होता. त्याने तिला दंडाला धरून वर घेतलं, मग आम्हाला. नावेत तो मला एवढंच म्हणाला, तक्ता बंदराचा असेल, साहेब. नंतर गुंड्याला त्याने वल्ह्याला हात लावू दिला.

त्या दिवशी आम्ही जेवलो. भात, मासे. मी काटे काढून दिले. मला काही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. गालात इंजेक्शन दिल्यावर दाताच्या डॉक्टरकडे जसं बसतो तसा बसलो आहे. दुपारी दुकानातून तिला चपला घेतल्या, तशाच निळ्या, एक नंबर मोठ्या मिळाल्या. सात वाजता तुझा फोन आला. ठकी म्हणाली, खूप मज्जा आली, आई. तू मला विचारलंस, सगळं ठीक ना? मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, पाणी चढतंय हे तुला दिसत होतं ना गं? ती हो म्हणाली. मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, तुमचा तक्ता होता ना. मग तीच मला समजावायला लागली, जाऊ द्या बाबा, चपला तशा जुन्याच होत्या. सहलीसाठी आठ दिवसांपूर्वी तूच घेतल्या होत्यास त्या. पंधरा वर्षं तू माझ्यासोबत राहिलीस. तू किती गोष्टी अशा न बोलता वरच्या दगडावर ठेवत गेलीस, आणि मी किती वेळा एका जागी ठेव म्हणालो, ते मी काल मोजायला बसलो आणि सोडून दिलं.

आज सकाळी मी न्हाणीघरात दाढी करत होतो. दार पुरतं लागत नाही. बाहेर ठकी गुंड्याची तयारी करून घेत होती. आई विचारेल, पिल्लूवर काय केलं? तर? शिंपले वेचले. नावेतून का आलो? मजा म्हणून. ताईच्या चपला मोठ्या का? गुंड्या अडला. ती म्हणाली, अरे ढब्बू, पाय वाढतात म्हणून मुद्दाम मोठ्या घेतल्या! म्हण परत. त्याने म्हटलं. मग त्याने विचारलं, पण आईला सांगितलं तर काय होईल? ती म्हणाली, मग बाबांकडे आपल्याला कधीच पाठवणार नाहीत, आणि बाबा एकटेच जेवतील. गुंड्या म्हणाला, काटे काढून? ती म्हणाली, हो, काटे काढून. मी दाढी पूर्ण केली. वस्तरा धुऊन पुसून ठेवला. बाहेर आलो तर दोघं शिंपले मोजत होती.

तर बुधवारी हे पत्र वकीलबाईंना दाखव. तुझं ते वाक्य खरं होतं, माझी अकरा पानं मी मागे घेतो. मला कधी भेटू द्यायचं ते तू ठरव, मी भांडणार नाही. पण हे पत्र त्यासाठी लिहिलं नाही, ते मी वकीलबाईंच्या समोरही बोललो असतो. हे आज संध्याकाळसाठी आहे. दार उघडलंस की पाकीट घे, मुलांना माझ्याजवळ जिन्यात उभं राहू दे, आतून कडी लावून हे आधी वाच. मग ठकीला जवळ घे आणि ती तोंड उघडायच्या आत तिला सांग, बाबांनी मला सगळं सांगितलंय. फोनवर तिला तुझा चेहरा दिसत नव्हता. दारात दिसेल, आणि तरीही ती ‘खूप मज्जा आली’ म्हणेल, याची मला खात्री आहे. तेवढं तिला म्हणू देऊ नकोस.

तुझाच,
ठकी-गुंड्याचा बाबा