नॉब हातच्यावर

मंगळवार, ३ मार्च
कालचं दुरुस्त करते. 'पेट्रोल संपत आल्याचा दिवा आज, सोमवारी बिघडला' असं लिहिलंय. चूक. तो शनिवारीच लागला होता, मोटरसायकल सर्व्हिसिंगहून आणताना. मला वाटलं, काचेवर ऊन आलंय. ऊन नव्हतं, सहा वाजून गेले होते. वहीत खोटं नको.

टाकी काठोकाठ भरलेली आहे. झाकण उघडून दोनदा पाहिलं. तरी दिवा पिवळाधमक.

सोळा तारखेला डोळ्यांच्या हॉस्पिटलात हजर व्हायचंय. काम डोळे तपासायचं. बेचाळीस किलोमीटर जायला, तेवढेच यायला. बाबांच्या चष्म्याच्या दुकानाबाहेरची माझी पहिली नोकरी. ठराव: दिवा दुरुस्त झाल्याशिवाय जायचं नाही. ह्याला भीती म्हणत नाहीत, शिस्त म्हणतात.

बुधवार, ४ मार्च
धाकट्या बहिणीला घरात भुंगा म्हणतात, कारण तिचं तोंड मिटत नाही. म्हणाली, ताई, बसनं जा की. म्हटलं, बसमध्ये पेट्रोल किती आहे ते मला दिसतं का? म्हणाली, ड्रायव्हरला दिसतं ना, तू खिडकीपाशी बस आणि बाहेर बघ. हिला कशाचं गांभीर्य नाही.

गुरुवार, ५ मार्च, सकाळी ६.४०
टाकीखालचा वायरचा प्लग काढला. दिवा विझला. परत लावला. लागला. म्हणजे बल्ब ठीक, वायर ठीक, टाकीतला सेन्सर गेला. निदान पक्कं. मेकॅनिक होणं फारसं अवघड नसावं.

नॉब हातच्यावर आहे, हेही तपासलं. नोंदीसाठी: रिझर्व्हला आमच्या घरात हातचा म्हणतात. बाबांनी मला शाळेची पहिली चार वर्षं दुकानातच शिकवलं. अक्षरं डोळे तपासायच्या तक्त्यावरून, मोठी आधी, बारीक शेवटी. बेरजेला म्हणायचे, हातचा विसरलीस की सगळं चुकलं. गाडीचंही तेच. माझ्या जन्माआधी, आईला आठवा महिना असताना, पुलाच्या मधोमध हीच गाडी पेट्रोल संपून बंद पडली आणि घाबरलेल्या बाबांच्या हाताला टाकीखालचा नॉब सापडेना. तेव्हापासून नॉब कायम हातच्यावर. आधीच रिझर्व्हवर असलेली गाडी रिझर्व्हवर कशी येईल? पटण्यासारखं आहे.

रविवार, ८ मार्च
मेकॅनिककडे गेले. सेन्सर बदला म्हणून सांगितलं. त्यानं गाडीकडे पाहिलं, वाकून नॉब हातच्यावरून काढून उभा केला. दिवा गेला. म्हणाला, झालं, ताई. मी ताबडतोब नॉब जागेवर आणला. दिवा लागला. म्हटलं, बघा, कुठं झालं? त्यानं बराच वेळ फडक्यानं हात पुसले. मग म्हणाला, ताई, दिवा बरोबर आहे. पुढं नॉबबद्दल काही समजावू लागला, पण मी त्याचा वेळ वाया जाऊ दिला नाही.

निघताना तो म्हणाला, तिथं आधी बल्बच नव्हता, नुसतं भोक होतं, सर्व्हिसिंगला मी नवा घातला. म्हणजे दोष ह्याच्यापासूनच सुरू झाला! ही असली माणसं कामं करतात, आणि निस्तरायचं आम्ही.

गुरुवार, १२ मार्च
जेवताना विचारलं, बल्ब कुणी काढला? बाबा म्हणाले, कुठला बल्ब? आई म्हणाली, पुलावरून आल्यावर दुसऱ्याच दिवशी काढलात, स्क्रूच्या ड्रॉवरमध्ये कागदात गुंडाळून ठेवलाय, मी दर वर्षी झाडताना बघते. बाबा म्हणाले, डोळ्यांत खुपायचा. आई म्हणाली, ह्या घरात माणसं दुसऱ्यांचे डोळे तपासतात.

मग बाबा ताटाकडे बघत म्हणाले, दिव्याचं एवढं असेल तर नको जाऊस, दुकान आहेच. फार मायेनं म्हणाले. मला इतका राग आला की पोळी तशीच ठेवली. त्यांचा नाही. कुणाचा, ते उद्या लिहीन.

शुक्रवार, १३ मार्च
आज वेळ नाही.

शनिवार, १४ मार्च
गाडीचं पुस्तक दुकानातल्या भिंगाखाली पुन्हा वाचलं. दिव्याच्या पानावर सगळ्यांत खाली, सगळ्यांत बारीक अक्षरांत: नॉब रिझर्व्हवर असताना हा दिवा सतत लागतो. हा बिघाड नाही.

शेवटची ओळ वाचा, असं मी रोज वीस माणसांना सांगते.

म्हणजे दुरुस्ती अर्ध्या वळशाची आहे. खाली गेले. नॉबवर हात ठेवला. अकरा मिनिटं. पण उभा केला आणि रस्त्यात बंद पडली, तर? आणि माझ्याही हाताला तो सापडला नाही, तर? अशी घाई बरी नव्हे. सोमवारी हॉस्पिटलला फोन करून एक आठवडा मागून घ्यावा. समजूतदार लोक आहेत.

सोमवार, १६ मार्च, सकाळी ९.१५
फोन केला. तांत्रिक अडचण म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसली? म्हटलं, पेट्रोलच्या दिव्याची. त्यांनी विचारलं, पेट्रोल नाही का? म्हटलं, भरपूर आहे. मग म्हणाल्या, राहू दे बाळ, यादीतली दुसरी मुलगी आठ वाजताच आलीय. कशी आली, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

बसनं.

मंगळवार, १७ मार्च
दिव्याचा प्रश्न कायमचा सुटला. बल्ब काढला. कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला, बाबांच्या बल्बशेजारी. भुंगानं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा काही बोलली नाही. संध्याकाळी बाबा नव्यानं रंगवलेला तक्ता लावत होते. म्हणाले, शेवटची ओळ दिसते का गं तिथून? म्हटलं, दिसते.

नॉब मात्र एकदा उभा करून बघायचाच. रस्त्यावर नाही, अंगणात, गाडी स्टँडवर लावून. ह्या रविवारी.

दुरुस्ती: ह्या रविवारी दुकानातला माल मोजायचाय. त्याच्या पुढच्या. रविवार, २९ मार्च, सकाळी सात वाजता.