कोऱ्या अंकांची विल्हेवाट

मी, शालिग्राम मारोतराव गोटे, वय साठ, राहणार वाशीम, जिल्हा अकोला, येथील महाविद्यालयाचा निवृत्त ग्रंथपाल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दाब नाही, नशापाणी नाही. रागात आहे, पण रागावलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येत नाही असा कायदा नाही. वकिलांना विचारून घेतले आहे.

१. राहते घर, मागच्या विहिरीसह, धाकटी बहीण विमलबाई, राहणार मालेगाव (जिल्हा अकोला), हिला द्यावे. माझी पत्नी ललिताबाई वारल्यापासून विमल एस.टी.चे धक्के खात येते, भाकरी थापते आणि “दादा, कागदायसंग कायले बोलत बसता, मानसायसंग बोला” म्हणून भांडून जाते. घर ठेवायचे की विकायचे ते तिने ठरवावे. तिच्या पोरांनी मध्ये तोंड घालू नये.

२. पोस्टातली शिल्लक आणि पुस्तके बांधायची हत्यारे, म्हणजे लाकडी शिकंजा, दाभण व सुया, ग्रंथालयाचा शिपाई सेवादास यास द्यावीत. रोज संध्याकाळी वाचनकक्ष बंद झाला की आम्ही दोघे दिवसभर हाताळलेल्या अंकांच्या सुरकुत्या काढून ते शिकंज्यात दाबून ठेवत असू. सकाळी अंक पुन्हा करकरीत. एवढी निगा त्या कॉलेजात दुसऱ्या कशाचीच झाली नाही.

३. महाविद्यालयाला सुईसुद्धा देऊ नये. हे कलम लांबेल. वकील म्हणाले थोडक्यात लिहा, पण फी मी देतो आहे.

१९७४ साली अनुदान अडकले, परदेशी नियतकालिकांचे भाव भडकले आणि वर्गण्या बंद करण्यासाठी समिती बसली. टंचाई होती, ते मला मान्य आहे. काटछाट करूच नका असे मी म्हटले नव्हते. कोणाला काय लागते ते विचारून करा, इतकेच म्हणालो होतो. समिती म्हणजे संस्थेचे अध्यक्ष गोपीचंदशेठ, आणि मान डोलवायला प्राचार्य. शेठजींचा धंदा सरकी-ढेपेचा. त्यांनी वाचनकक्षात येऊन एकेक अंक उचलून पाहिला. पोरांनी सिनेमाच्या पाक्षिकाच्या चिंध्या केल्या होत्या, म्हणून ते चालू ठेवायचे ठरले. मग त्यांनी पिकांच्या रोगांवरचे इंग्रजी त्रैमासिक उचलले.

“हे तं कोरं करकरीत हाय! घडीबी मोडली नाई. कोन वाचते हे?”

मी शिकंज्याची हकीकत सांगितली. शेठजी हसले. “मास्तर, वापरलेली वस्तू कदी नवी राह्यते काय?”

त्याच टेबलाशी देवमन इंगोले टिपणे काढत बसला होता. तो उभा राहिला. “मी वाचतो, शेठजी.”

“तू एकटाच ना? मंग एका मानसासाठी कायले पाह्यजे?”

झाले. त्रैमासिक बंद.

हा देवमन रिठदच्या जानराव इंगोले यांचा मुलगा. जानरावांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि पोराच्या शिक्षणासाठी स्वतःचे हाल केले. पोरगा आमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा अधिव्याख्याता झाला. ज्वारीवरच्या काणी रोगावर पीएच.डी. करायला निघाला. तीन हंगाम रिठदच्या वावरात उन्हातान्हात राबला. प्रबंध विद्यापीठात गेला आणि परत आला. हेच काम दक्षिणेकडच्या कोणीतरी आधीच करून छापले होते. छापले होते त्याच त्रैमासिकात, आम्ही ते बंद केल्यानंतरच्या अंकात. अंक आला असता तर देवमनने वेळीच वाट बदलली असती.

त्यावर प्राचार्य अध्यापकांच्या खोलीत सर्वांसमोर म्हणाले, “इंगोले, संशोधन करणाऱ्याने थोडे वाचन ठेवू नये का?”

चोर तो चोर, वर शिरजोर! मी तिथेच चहा पीत होतो. कप ठेवून मी जे बोललो ते मृत्युपत्रात लिहिण्याजोगे नाही. देवमन मात्र वह्या उचलून तासाला गेला. पोराचा जीव त्या दिवशी विझला आणि माझ्या डोळ्यांदेखत विझला. ते मी कोणालाही माफ केलेले नाही, मरतानाही करणार नाही.

मागच्या महिन्यात शेठजी घरी आले. एम.एस्सी. काढायची आहे, विद्यापीठाची माणसे कपाटे बघायला येणार आहेत, तर त्या त्रैमासिकाचे तुमच्याजवळचे अंक द्या, म्हणाले. संगमरवरी पाटीवर तुमचे नाव लावू. बैल गेला अन् झोपा केला! मी त्यांना पाणी दिले आणि दार दाखवले.

४. ते त्रैमासिक मी निवृत्तीनंतर, मधले चुकलेले अंक मागवून, स्वतःच्या नावाने चालू ठेवले आहे. मला त्यातले ओ की ठो कळत नाही. ते देवमनसाठी आहे. चार वेळा बोलावले, तो वाचायला आला नाही. पाकिटे फोडलेलीसुद्धा नाहीत. सर्व अंक कपाटासह देवमन जानराव इंगोले यास द्यावेत. त्याने काम पुन्हा हाती धरावे ही माझी इच्छा आहे.

५. कॉलेजात शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर गोपीचंदशेठांना बोलू देऊ नये.

सहीपूर्वीची दुरुस्ती:

वरील मजकूर आज देवमनला घरी बोलावून वाचून दाखवला. ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, नाहीतर त्याचे मिळणे रद्द होते, असे वकिलांनी बजावले होते, तेही सांगितले. तो उठला, कपाट उघडून बंद पाकिटे पाहिली आणि दार लावले.

“मंग माही साक्ष घ्या, सर.”

“तुझी कशी घेऊ? चौथे कलम तुझ्या नावावर आहे ना!”

“मालूम हाय. म्हून तं म्हनतो.”

माझा तोल गेला. “काहून रे? तुझ्यासाठीच चालू ठेवलं न मी हे!”

“तवा लागत होतं, सर. आता मी ज्वारीच्या वावरातबी पाय ठेवत नाई. तुमचं मन राखाले कपाट घरी नेऊ, अन् रोज त्याच्याकडं पाहू काय?”

कलम ४ मी माझ्या हाताने खोडले असून खाडाखोडीवर माझी सही आहे. अंक विमलने रद्दीत घालावेत. देवमनने साक्षीदार म्हणून सही करायला पेन उघडले, तेव्हा मी रडलो. रडत होता म्हणून शुद्धीवर नव्हता, असे पुढे कोणी म्हणू नये. मी पूर्ण शुद्धीवर होतो.

शालिग्राम मारोतराव गोटे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. देवमन जानराव इंगोले, रिठद (सही)
२. पंजाबराव बाजड, शेजारी, वाशीम (सही)

ठिकाण: वाशीम
दिनांक: ११ फेब्रुवारी १९७९